शेंदरी बोंडअळीचा पतंग: २०१७ च्या खरिपातील कपाशीचा प्रकरण अभ्यास

२०१७ च्या ऑक्टोबरअखेर विदर्भ-मराठवाड्यातली कपाशी बांधावरून पाहिली तर कुणालाही हंगाम साधला असेच वाटले असते. झाड कमरेच्या वर गेलेले, पान हिरवे, बोंडांचा लाग भरघोस. वेचणीला बाया शेतात उतरल्या तेव्हा खरे कळले. बोंडे पूर्ण उमलतच नव्हती. एका बोंडातले दोन कप्पे फुललेले, उरलेले पिवळट, चिकटलेले, दगडासारखे. ओढला तरी कापूस सुटेना. सरकी दाबली तर पोकळ. वेचणाऱ्या बाया याला कवडी म्हणतात. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. कवडी वेचायला वेळ जास्त लागतो आणि काट्यावर वजन भरत नाही, म्हणून कित्येक शेतांत वेचणीला माणूस मिळेना. अनेकांनी उभ्या पिकावर रोटाव्हेटर फिरवला.

महाराष्ट्रात त्या वर्षी ४० लाख हेक्टरांहून अधिक कपाशी होती आणि जवळजवळ सगळी बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार व्हावे म्हणून जनुक घातलेली. यवतमाळ, वर्धा, अमरावती, बुलढाणा, जळगाव, जालना, परभणी, नांदेड, बीड या सगळ्या पट्ट्यात शेंदरी (गुलाबी) बोंडअळीने कमीअधिक नुकसान केले. डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्य सरकारने मदत जाहीर केली: कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५००. त्यात आपत्ती निधी, पीकविमा आणि बियाणे कंपन्यांकडून घ्यायची भरपाई असे तीन वाटे धरले होते.

या हंगामाची चर्चा तेव्हाही अळीची झाली आणि आजही अळीचीच होते. अळी दिसते, चिडवते, बोंड फोडून ती फोटोत दाखवता येते. पण या किडीचा हिशेब पतंगाच्या तारखांवर चालतो. पतंग कधी बाहेर पडला, तेव्हा शेतात पाते (फुलाची कळी) होते की नव्हते, आणि त्याच्या किती पिढ्या एका पिकावर बसल्या, यावर बोंडाचे भवितव्य ठरते. त्या अर्थाने ऑक्टोबर २०१७ ची हार फेब्रुवारी ते जून २०१७ मध्येच पदरात पडली होती. हा अभ्यास त्या तारखांचा आहे.

हा पतंग कसा आहे

शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. १८४३ मध्ये सॉन्डर्स यांनी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले ते गुजरातेतल्या भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून. म्हणजे आपल्याकडे त्याची नोंद पावणेदोनशे वर्षांची आहे. सह्याद्रीत दिसणाऱ्या ॲटलास पतंगाचे पंख २४ सेंटिमीटरपर्यंत पसरतात, तो दारात बसला की घरातले सगळे बघायला येतात. हा पतंग पंख पसरून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. रंग करडा-तपकिरी, पंखांवर काळपट डाग, मागच्या पंखांना बारीक केसांची झालर. तांदळाच्या डब्यात जाळी करणारा पतंग भिंतीवर बसलेला पाहिला असेल, तर साधारण त्याच चणीचा. दिवसा तो मातीच्या भेगांत आणि पालापाचोळ्याखाली दडून राहतो. हालचाल रात्रीची, मीलन बहुतेक मध्यरात्रीनंतर. शेतकरी दिवसा शेतात असतो, पतंग रात्री. म्हणून वर्षानुवर्षे कपाशी करणाऱ्यांपैकीही पुष्कळांनी तो ओळखून पाहिलेला नसतो.

एक मादी साधारण शंभर ते दोनशे अंडी घालते. अंडे अर्धा मिलिमीटर लांब, आधी पांढरे, मग लालसर. हंगामाच्या सुरुवातीला ती पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या पानांच्या खाली घातली जातात; बोंडे धरली की बोंडाच्या देठाकडच्या हिरव्या आवरणाखाली, जिथे फवाऱ्याचा थेंब सहसा पोचत नाही. तीन ते सहा दिवसांत अळी बाहेर येते आणि काही तासांतच पात्यात किंवा बोंडात शिरते. बोंड वाढते तसे शिरल्याचे भोक बुजून जाते. बाहेरून काही दिसत नाही. आत अळी सरकीवर जगते, एका कप्प्यातून दुसऱ्यात पडदा भोकसून जाते, आणि तिने केलेल्या वाटेने बुरशी शिरते. कोवळी अळी पांढरी असते. गुलाबी पट्टे शेवटच्या अवस्थांत उमटतात, तेव्हा ती सेंटिमीटरभराची असते. म्हणून 'गुलाबी अळी दिसली नाही' याचा अर्थ शेत सुटले असा होत नाही. पूर्ण वाढल्यावर ती गोल भोक पाडून बाहेर पडते, मातीत किंवा पाचोळ्यात कोषात जाते, आणि आठ-दहा दिवसांत नवा पतंग निघतो. खरिपातल्या हवामानात अंड्यापासून पतंगापर्यंत सुमारे महिना धरावा.

पुढचे सगळे ज्या गोष्टीवर उभे आहे, ती हिवाळ्यातली. दिवस लहान झाला, रात्री गार पडल्या की शेवटच्या पिढीतल्या बऱ्याच अळ्या कोषात जातच नाहीत. दोन सरक्या एकमेकींना धाग्याने चिकटवून त्या पोकळीत, वाळलेल्या बोंडात, पऱ्हाटीत (कपाशीच्या वाळल्या झाडात) किंवा मातीत त्या महिनोन्महिने सुप्त पडून राहतात. पुढच्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात ऊब आणि ओल मिळाली की त्यांचे पतंग होतात. हे पतंग एकदम बाहेर येत नाहीत, काही आठवड्यांत मागे-पुढे निघतात. पतंगाचे आयुष्य आठवडा-दोन आठवड्यांचे. त्या दिवसांत शेतात पाते किंवा फूल नसेल, तर अंडी घातली तरी त्यातून निघालेली अळी उपाशी मरते. कीटकशास्त्रज्ञ याला पतंगांचे आत्मघाती बाहेर पडणे म्हणतात. फुकटातले आणि इतके परिणामकारक कीड नियंत्रण दुसरे नाही, आणि २०१७ मध्ये आपण नेमके तेच हातचे घालवले.

बीटीचे कवच कसे पातळ झाले

भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यात क्राय१एसी हे एकच जनुक होते. २००६ मध्ये त्याच्या जोडीला क्राय२एबी असलेले बोलगार्ड-२ आले. पहिली काही वर्षे तिन्ही बोंडअळ्या, म्हणजे हिरवी (अमेरिकन), ठिपक्यांची आणि शेंदरी, खरोखर आटोक्यात आल्या. मग गुजरातेत अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट भागांत शेंदरी बोंडअळी क्राय१एसीला दाद देत नसल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. २०१५ पर्यंत गुजरातेत बोलगार्ड-२ च्या बोंडांतही ती जिवंत सापडू लागली. महाराष्ट्राला दोन वर्षांची पूर्वसूचना मिळाली होती, हे आज लिहितानाही जिवाला लागते.

हिरवी अळी का अडली आणि शेंदरी का सुटली? हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो, अशा कितीतरी पिकांवर जगते. तिथे बीटीचे विष नसते, म्हणून विषाला बळी पडू शकणाऱ्या पतंगांची पैदास चालू राहते. शेंदरी बोंडअळी आपल्याकडे जवळजवळ फक्त कपाशीवर जगते, आणि कपाशी सगळी बीटी. विष पचवू शकणारी एखादी अळी वाचली, तिचा पतंग झाला, तर त्याला जोडीदार मिळणार तोही तसाच वाचलेला.

ही अडचण ओळखूनच बिगर-बीटी आश्रय पिकाचा नियम होता: कडेने पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, यांत जे जास्त ते. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटी पिशवी यायची ती याचसाठी. प्रतिकार करणारा पतंग आणि आश्रय ओळींतला साधा पतंग यांचे मीलन झाले की संततीला बीटीचे विष पुरेसे लागू पडते, हे त्यामागचे गणित. प्रत्यक्षात ती पिशवी बहुतेक बांधावर पडून राहिली. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण २० टक्के रान अळीला मोकळे सोडा असे सांगताना त्याचे कारण कुणी नीट समजावले नव्हते, आणि त्या पिशवीतले बियाणे उगवणीत आणि कालावधीत मुख्य वाणाशी अनेकदा जुळतही नसे. पुढे बिगर-बीटी दाणे त्याच पाकिटात मिसळून द्यायची पद्धत आली, ती या अनुभवातून.

आणखी एक कारण बोंडाच्या आतच आहे. आपल्याकडची बीटी कपाशी संकरित. संकरित झाडात प्रत्येक बीटी जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे त्याच्या बोंडातल्या सरक्यांत ती वाटली जाते. दोन जनुके स्वतंत्रपणे वाटली गेली तर दर १६ सरक्यांत सरासरी ९ मध्ये दोन्ही विषे, ३ मध्ये एक, ३ मध्ये दुसरे आणि एकीत काहीच नाही. शेंदरी अळी पान खात नाही, सरकी खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला पूर्ण मात्रा, अर्धी मात्रा आणि बिनविषारी घास असे सगळे मिळते. प्रतिकारशक्ती घडवण्याची ही जणू शाळाच. पाकिटावर कुठलीही सूचना छापली तरी हा दोष जाणार नव्हता.

फेब्रुवारी ते जून २०१७

२०१६-१७ च्या हंगामाअखेर कापसाचा भाव क्विंटलला ५,००० रुपयांच्या वर होता. लांब धाग्याचा हमीभाव ४,१६० होता. अशा भावात विहिरीला पाणी असलेला माणूस डिसेंबरात झाड उपटत नाही. एखादे पाणी, थोडा युरिया, आणि जानेवारी-फेब्रुवारीत दुसरा बहर. यालाच फरदड म्हणतात. वरचे दोन-तीन क्विंटल हाती येतात, खर्च नाममात्र. घरचा हिशेब पाहिला तर हा निर्णय चुकीचा दिसत नाही. पतंगाच्या हिशेबात मात्र त्याचा अर्थ वेगळा: ज्या महिन्यांत त्याला खायला काही नसायला हवे, त्या महिन्यांत ताजी बोंडे मिळाली आणि सुप्तावस्थेत जाणाऱ्या अळ्यांची संख्या फुगली.

फरदड संपल्यावर पऱ्हाट्या उपटून बांधावर, गोठ्यामागे, चुलीसाठी रचून ठेवल्या जातात. त्यांच्यावर न उमललेली बोंडे तशीच असतात. कापूस जिनिंगला, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात जातो, तिथे सरकीचे ढीग मे-जूनपर्यंत पडून राहतात. प्रत्येक ढिगात सुप्त अळ्या.

मग पेरणी. ठिबक असलेल्या भागात पूर्वहंगामी कपाशी मेच्या मध्यापासून लागते. २५ मेला लावलेल्या कपाशीला सुमारे ४० दिवसांत, म्हणजे जुलैच्या सुरुवातीला पाते लागते. पावसाच्या ओलीने सुप्त अळ्यांचे पतंग निघायची वेळ हीच. आत्मघाताच्या जागी त्यांना तयार पाळणा मिळाला. शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याने २० जूनला पेरले तर त्याच्याकडे पाते ऑगस्टच्या तोंडावर येते. पण तोवर पूर्वहंगामी रानात एक पिढी पूर्ण होत आलेली असते आणि तिचे पतंग त्याच्याकडे उडून येतात. म्हणून ही किड एकट्याची राहत नाही.

एका पिढीने काय फरक पडतो ते आकड्यांत पाहू. हा मोजलेला आकडा नाही, समजण्यापुरते गृहीत आहे. धरा, जुलैत एकरी १० माद्या आहेत आणि मरतुक वगळून दर पिढीला संख्या पाचपट होते. ऑगस्टच्या मध्याला ५०, सप्टेंबरच्या मध्याला २५०, ऑक्टोबरात १,२५०. प्रत्येकीची १०० अंडी म्हटली तर ऑक्टोबरात एकरी सव्वा लाख. आता ४ बाय दीड फुटावर एकरात ७,२६० झाडे बसतात. झाडाला ३० बोंडे धरली तर सुमारे २ लाख १८ हजार. म्हणजे दर दोन बोंडांमागे एकाहून अधिक अंडे. हीच साखळी एका पिढीने तोडली असती तर अंडी २५,००० झाली असती, दर आठ-नऊ बोंडांमागे एक. पहिल्या स्थितीत रोटाव्हेटर, दुसऱ्या स्थितीत थोडी कवडी वेगळी काढून चांगली वेचणी.

जुलै-ऑगस्टची खूण

पहिली पिढी फुलांत सापडते. अळी आतून रेशमाने पाकळ्या शिवून टाकते, फूल उमलत नाही आणि गुलाबाच्या मिटल्या कळीसारखे दिसते. हीच डोमकळी. शेतात फिरताना ती ओळखायला आठ दिवसांची सवय पुरते. हाताने उकलली की आत अळी. डोमकळ्या तोडून पिशवीत घालायच्या, बाहेर नेऊन जाळायच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. तिथेच जमिनीवर टाकल्या तर अळी मातीत जाऊन कोष करते आणि केलेले काम वाया जाते. ऑगस्टमध्ये एकरात तोडलेली प्रत्येक डोमकळी ऑक्टोबरातली कित्येक बोंडे वाचवते. २०१७ मध्ये मात्र 'बीटी आहे, बोंडअळी येणारच नाही' हा भरवसा इतका पक्का होता की फुलाकडे कुणी बघितलेच नाही. त्या महिन्यांत सगळे लक्ष मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढऱ्या माशीवर होते.

फवारणीने का भागले नाही

नोव्हेंबरात अळी दिसल्यावर लोकांनी जी औषधे मारली, त्यांतली बहुतेक प्रयोगशाळेत अळीला मारू शकतात. शेतात अळी बोंडाच्या आत, भोक बुजलेले, आणि औषध सालीवर. अंड्यातून निघून बोंडात शिरेपर्यंतचे काही तास एवढीच फवारणीची खरी संधी. ती साधायची तर पतंग कधी वाढले ते माहीत हवे, आणि सापळे तर लावलेलेच नव्हते.

त्याच हंगामात, जुलै ते ऑक्टोबर दरम्यान, यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. ती सगळी फवारणी या पतंगासाठी नव्हती. पण डोक्याइतक्या उंच, दाट कपाशीत शिरून, दमट उकाड्यात, उघड्या अंगाने, एकाच टाकीत दोन-तीन औषधे मिसळून वर तोंड करून मारलेला फवारा माणसाच्या अंगावर येतो, हे त्या मृत्यूंनी दाखवले. म्हणून खाली जिथे औषधाचे नाव येईल तिथे हे धरूनच वाचावे: एका वेळी एकच औषध, मिश्रण नाही, हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्या, वाऱ्याच्या दिशेने आणि सकाळी किंवा सायंकाळी, फवारणी करताना तंबाखू-विडी नाही, काम झाल्यावर साबणाने आंघोळ आणि कपडे वेगळे धुणे.

पतंग धरून केलेले नियोजन

२०१८ पासून कृषी विभाग, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोला-परभणीच्या कृषी विद्यापीठांनी जे गावोगाव सांगितले, त्याचा गाभा पतंगाची तारीख पकडणे हाच आहे. पुढचा तपशील त्याच शिफारशींतला आहे. आमचा अनुभव जिथे भर घालतो तिथे तसे लिहिले आहे.

कामगंध सापळे पाते लागताना, लावणीनंतर साधारण ४५ दिवसांनी उभे करावेत. पाळत ठेवायला एकरी दोन, म्हणजे हेक्टरी पाच. नर पतंग सामूहिकपणे पकडायचे असतील तर एकरी आठ. आतल्या गोळीला, म्हणजे ल्यूरला, मादीच्या गंधाची नक्कल असते: गॉसिप्लूर, दोन जवळच्या रेणूंचे सारख्या प्रमाणातले मिश्रण. ते फक्त याच पतंगाच्या नराला खेचते, त्यामुळे हिरव्या बोंडअळीची गोळी लावून शेंदरीचे पतंग मिळणार नाहीत. दुकानात ही चूक सर्रास होते. पाकिटावरचे किडीचे नाव वाचूनच घ्यावे. सापळा पिकाच्या शेंड्याहून फूटभर वर हवा आणि पीक वाढेल तसा वर सरकवायला हवा. पानांत बुडालेला सापळा गंध पसरवत नाही. गोळीला तंबाखूचा किंवा दुसऱ्या गोळीचा हात लावू नये, पाकिटावर सांगितल्याप्रमाणे तीन-चार आठवड्यांनी ती बदलावी आणि जुनी शेतात न टाकता सोबत परत आणावी. नरसाळ्याच्या सापळ्याखालची पिशवी बांधताना गाठ ढिली राहिली तर पकडलेले पतंग रात्रीतून निसटतात आणि सकाळी शून्याचा आकडा लिहिला जातो. आमच्या पाहण्यात चुकलेल्या मोजणीचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

मोजणी रोज सकाळी, वहीत तारखेसह. सलग तीन रात्री सापळ्यामागे सरासरी ८ पतंग आले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली समजायचे. पण सापळा फक्त नर सांगतो, म्हणून बोंड फोडून पाहणे सोडू नये. आठवड्यातून एकदा एकरात नागमोडी चालत २० झाडांचे प्रत्येकी एक, १५ ते २० दिवसांचे हिरवे बोंड तोडायचे. दगडाने ठेचू नये, चाकूने कापून सालीची आतली बाजू पाहावी. बारीक गाठी किंवा नागमोडी रेघ दिसली तर अळी शिरली आहे, ती स्वतः सापडो न सापडो. २० पैकी २ बोंडांत अळी किंवा ही खूण, म्हणजे १० टक्के, हीच फवारणीची वेळ. फुलांच्या काळात हाच १० टक्क्यांचा दंडक डोमकळ्यांना.

त्या पातळीखाली असताना निंबोळी अर्क पुरतो. ५ किलो सुक्या निंबोळ्यांचा भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर, २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या १ लिटर पाण्यात. सकाळी दोन्ही गाळून एकत्र करायचे आणि एकूण १०० लिटर करायचे. हा झाला ५ टक्के अर्क. तो त्याच दिवशी वापरावा, ठेवला की गुण जातो. मादी अशा झाडावर अंडी घालायला टाळते, हा त्याचा मुख्य उपयोग. फुलोऱ्यापासून आठवड्याच्या अंतराने तीन वेळा ट्रायकोग्रामाटॉइडिया बॅक्ट्री या परजीवी गांधीलमाशीची कार्डे, एकरी ६०,००० अंडी, पानाच्या खालच्या बाजूला टाचावीत. कार्ड लावल्यावर निदान आठवडाभर रासायनिक फवारणी नको, नाहीतर आपणच आणलेली मदत आपणच मारतो.

पातळी ओलांडली तर १० लिटर पाण्यात प्रोफेनोफॉस ५० ईसी २० मिली किंवा थायोडीकार्ब ७५ डब्ल्यूपी २० ग्रॅम, लेबलवरची शिफारस आणि वेचणीपूर्वीचे थांबायचे दिवस पाहून. पायरेथ्रॉइड वर्गातली औषधे सप्टेंबर-ऑक्टोबरात मारली की पांढरी माशी उसळते. त्या महिन्यांत ती वापरू नयेत.

अलीकडे मीलनात अडथळा आणणाऱ्या गंधदोऱ्या मिळतात, एकरी १६० झाडांना बांधायच्या. सगळे रान गंधाने भरते आणि नराला मादी सापडत नाही. त्यात दोन अडचणी समजून घ्याव्यात. एकट्या दोन एकरांत हे फसते, कारण शेजारच्या रानात मीलन झालेली मादी उडून येते आणि अंडी घालते. शिवारातल्या लगतच्या शेतांनी एकत्र बांधल्या तरच उपयोग. दुसरी, या शेतातला सापळा जवळजवळ रिकामाच राहतो. तो रिकामा आहे म्हणून पतंग नाहीत असे धरू नये, तिथे भरवसा फक्त कापलेल्या बोंडांवर.

अमेरिकेत ॲरिझोना भागात हीच किड शेतकऱ्यांनी हरवली. तिथे आश्रय पीक वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे पेरले गेले, २००६ पासून बीटी कपाशीला वंध्य केलेले पतंग सोडण्याची जोड मिळाली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कापूस पट्ट्यातून शेंदरी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. आपल्या रोटाव्हेटरच्या हंगामानंतर एका वर्षाने. त्यांची शेते मोठी आणि हंगाम बांधलेला, आपली दोन-चार एकरांची आणि पेरणी महिनाभर पसरलेली. ती पद्धत जशीच्या तशी इथे बसणार नाही. पण लागवड एका वेळी आणि पीक वेळेत बंद, हा भाग आपल्याही हातात आहे. बियाणे १ जूननंतरच शेतकऱ्याच्या हाती पडावे ही कृषी विभागाची तेव्हाची भूमिका त्यातूनच आली. १५० ते १६० दिवसांत आटोपणारा वाण, आणि वेचण्या डिसेंबरअखेर संपवणे, हे त्याचे दुसरे टोक.

शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या रानात बसवाव्यात. त्या न उमललेली बोंडे आवडीने खातात, मेंढपाळालाही चारा मिळतो. मग पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून मातीत मिसळावी. चुलीला पऱ्हाटी लागतेच, तिथे रचण्याआधी काठीने झोडून बोंडे खाली पाडावीत आणि ती जाळावीत. एवढ्याने रचलेल्या ढिगातल्या अळ्या मोठ्या प्रमाणात संपतात. एप्रिलच्या उन्हात खोल नांगरट केली की मातीतल्या अळ्या आणि कोष वर येतात.

राहिली जिनिंग. कवडी कापूस वेगळा ठेवावा आणि आधी विकावा, तो घरात महिनोन्महिने साठवू नये. जिनिंगच्या आवारात कामगंध आणि प्रकाश सापळे वर्षभर असावेत, आणि सरकी शक्यतो मार्चअखेर गाळून तेलात जावी. सरकीच्या गाड्यांतून ही किड किती लांब जाते याचा दाखला पंजाबचा आहे: २०२१ मध्ये बठिंडा-मानसा पट्ट्यात तिने कपाशी उद्ध्वस्त केली आणि तपासाची बोटे जिनिंग आणि तेलगिरण्यांत आलेल्या सरकीकडे वळली. गावाजवळ जिनिंग असेल, तर तिथल्या सापळ्यात मे-जूनमध्ये किती पतंग पडतात तो आकडा जाऊन विचारावा. तो मोठा असेल, तर लगतच्या शेतांत सापळे ४५ दिवसांची वाट न पाहता पाते दिसताच, आणि डोमकळ्यांची पहिली फेरी फुले लागल्याच्या आठवड्यातच.